तिसरी एषणा : आज की निवृत्तीनंतर?



या पृष्ठांवर आपण सहसा व्याधी, औषधी आणि व्यवसायातील अडचणी यांविषयी वाचतो. आज थोडा निराळा विषय मांडण्याचे धारिष्ट्य आम्ही करीत आहोत. विषय निराळा असला तरी शास्त्राबाहेरचा मात्र नाही, एवढे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो.

आमच्या गुरुस्थानी असलेल्या एका वयोवृद्ध वैद्यांना भेटावयास आम्ही गेल्या श्रावणात गेलो होतो. बी.ए.एम.एस. झाल्यावर दोन वर्षे आम्ही त्यांच्याच दवाखान्यात बसलो. नाडीवर बोटे कशी ठेवावीत, रुग्णाचे बोलणे मध्येच न तोडता कसे ऐकावे, काढ्याची पुडी कशी बांधावी, हे सारे त्यांनी शिकविले. त्यांच्या मनात एक संकल्प फार वर्षांपासून होता. साठी झाली की दवाखाना मुलाच्या हाती द्यावयाचा आणि स्वतः सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन बसावयाचे. त्यासाठी त्यांनी घरातील पूर्वेकडच्या खिडकीपाशी एक चौरंग आणि छोटे कपाटही करवून घेतले होते. आम्ही विचारले की म्हणत, "अरे, एवढे मुलाचे एम.डी. होऊ दे, मग आपण मोकळे." मुलाचे एम.डी. झाले. मग नव्या इमारतीचे कर्ज आले, मग नातीचा प्रवेश आला. साठीची पासष्टी झाली, पासष्टीची सत्तरी झाली. एकाहत्तराव्या वर्षी पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि त्यासोबत वाणीही गेली.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या शेजारी बसून कपाटातील ज्ञानेश्वरी उघडली. आत एका औषध कंपनीच्या १९९८ सालच्या छोट्या दिनदर्शिकेची खूण होती, आणि ती पहिल्या अध्यायातच होती. आम्ही काही ओव्या मोठ्याने वाचल्या. गुरुजी आमच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांना अर्थ कळला म्हणून ते आले, की अर्थ कळत नाही हे कळले म्हणून आले, हे आम्हास सांगता येणार नाही. वैद्य असूनही सांगता येणार नाही.

घरी परतल्यावर आम्ही आमची स्वतःची प्रत शोधली. विवाहात भेट मिळालेली ती प्रत चरकसंहितेच्या वरच्या फळीवर होती. तिच्यात खूणसुद्धा नव्हती. आम्ही आज चव्वेचाळीस वर्षांचे आहोत. हा लेख त्या रात्रीपासून मनात आहे.

क्रम आणि काल

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तीन एषणा सांगितल्या आहेत : प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. हा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. पहिली प्राणैषणा, कारण प्राण गेले की सर्वच गेले. दुसरी धनैषणा, कारण साधनहीन दीर्घायुष्यासारखे दुःख नाही. तिसरी परलोकैषणा. येथे आचार्यांनी 'मानून घ्या' असे म्हटलेले नाही. परलोकाविषयी संशय आहे हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले, आणि मग आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चार परीक्षांनी त्या संशयाचा परामर्श घेतला. कायचिकित्सेच्या ग्रंथात, शोधन-शमनाचे तपशील येण्यापूर्वीच, एवढी पृष्ठे या चर्चेस द्यावीशी वाटली, याचा अर्थ आपण कधी लावला आहे काय?

आपली चूक अशी होते की आपण या क्रमाचे रूपांतर कालविभागात करतो. पहिली एषणा, दुसरी एषणा, तिसरी एषणा याचा अर्थ आपण नकळत 'आधी प्रकृती, मग पैसा, आणि दोन्ही पुरेसे झाल्यावर उरलेल्या वेळात परमार्थ' असा करतो. परंतु आचार्यांनी तिन्ही एषणा एकाच पुरुषाच्या, एकाच आयुष्याच्या कर्तव्य म्हणून सांगितल्या आहेत. क्रम आहे तो महत्त्वाचा आणि आधाराचा. भिंतीस पाया आधी लागतो हे खरे, पण पायाच आयुष्यभर रुंद करीत बसलेल्या मनुष्यास छपराखाली एक रात्रही काढता येत नाही. शिवाय प्राणैषणेस निसर्गतः सीमा आहे, धनैषणेस ती नाही. कर्ज फिटले की दुसरे कर्ज घेण्याची पात्रता येते, एक दुकान चालले की दुसऱ्या दुकानाची जागा दिसू लागते. 'पुरेसे झाल्यावर' ही तिथी कोणत्याही पंचांगात नाही.

मध्यम वयाचे सामर्थ्य

'हे सारे म्हातारपणी करावयाचे' या समजुतीला शास्त्राचा आधार आहे काय, हे पाहण्यासाठी विमानस्थानाचा आठवा अध्याय पुन्हा उघडावा. तेथे वयाचे तीन भाग आहेत. तीस वर्षांपर्यंत बाल, तीस ते साठ मध्यम आणि त्यानंतर जीर्ण. तिसाव्या वर्षापर्यंत मन बहुधा अस्थिर असते. मध्यम वयात बल, वीर्य, पौरुष यांबरोबरच ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान ही सामर्थ्ये समस्थितीत येतात आणि मन स्थिर होते. जीर्ण वयात हीच सामर्थ्ये क्रमाने उणावत जातात.

आता थोडा विचार करावा. परमार्थाची जी साधने आपली परंपरा सांगते, म्हणजे श्रवण, मनन, निदिध्यासन, जप, पाठ, ती कोणत्या सामर्थ्यांवर उभी आहेत? श्रवणास ग्रहण लागते, मननास धारण आणि स्मरण लागते, पाठास वचन लागते आणि विवेकास विज्ञान लागते. जी पाच सामर्थ्ये साठीनंतर ओसरू लागतात असे आचार्य सांगतात, नेमक्या त्याच पाचांचे काम आपण साठीनंतरच्या खात्यात लिहून ठेवले आहे. आपल्या दवाखान्यात रोज दिसणारे चित्र याहून निराळे नाही. ज्यांनी 'निवृत्तीनंतर ध्यानास बसू' असे ठरविले त्यांना संधिवात अर्धी घटिकाही मांडी घालू देत नाही. प्रवचनास जातात त्यांना ऐकू येत नाही. पोथी उघडतात त्यांना अक्षर दिसत नाही. पाठ करतात त्यांना मागची ओवी आठवत नाही. क्षीणस्मृतीचे रुग्ण तर आता घरोघरी आहेत. ज्या वृद्धाला स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही, त्याने देवाचे नाव नव्याने कसे शिकावे?

याउलट अनुभवही आपणा सर्वांचा आहे. स्मृती गेलेल्या काही वृद्ध स्त्रिया नातवंडांना ओळखत नाहीत, पण कोणी हरिपाठ सुरू केला की ओठ हालू लागतात. ते सामर्थ्य म्हातारपणाने दिलेले नसते. लहानपणापासून रोज संध्याकाळी तुळशीपाशी जे मुरले, ते तेवढे उरलेले असते.

रसायनाविषयीचा दंडक आपण रुग्णांस नित्य ऐकवितो. सुश्रुताचार्य व वाग्भटाचार्य दोघेही सांगतात की रसायन पूर्व वयात किंवा मध्यम वयात घ्यावे, आणि तेही शोधन झाल्यावर. मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा सुश्रुतांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. ऐंशी वर्षांच्या गृहस्थाने 'आता च्यवनप्राशाने तारुण्य द्या' म्हटले तर आपण मनातल्या मनात हसतो. आत्म्याच्या रसायनाबाबत आपला स्वतःचा बेत मात्र नेमका त्या गृहस्थाचा आहे.

आसवाचा दृष्टान्त

यावर कोणी म्हणेल, वयाबरोबर मनुष्य आपोआप परिपक्व होतो, वैराग्य आपोआप येते. औषधनिर्मात्या मित्रांस याचे उत्तर आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. शार्ङ्गधरांनी औषधांच्या सवीर्यतेच्या मर्यादा सांगितल्या आहेत. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षभराने. आसव, धातूंची भस्मे आणि रसकल्प मात्र जितके जुने तितके गुणाढ्य. मनुष्याचे मन आपण फार सहजपणे या दुसऱ्या गटात टाकतो. 'जुने होऊ दे, आपोआप गुण येईल.'

पण आसव जुने झाल्याने गुणाढ्य होते, ते का? कोणी तरी वेळेवर काढा केला, त्यात गूळ-मध घातले, धायटीची फुले टाकली, पात्राच्या तोंडास संधिबंधन केले आणि ते योग्य जागी ठेवले म्हणून. त्यानंतरचे काम काल करतो. पात्रात काहीच न घालता ते कोठीत वीस वर्षे ठेवले, तर वीस वर्षांनी झाकण उघडल्यावर आत काय मिळेल? आणि रस घालून ठेवला पण संधान बिघडले, तर अरिष्टाऐवजी शुक्त मिळेल. वयानुसार गोड होण्याऐवजी आंबट झालेली माणसे आपण पाहतोच. काल हा पाचक आहे, पण जे घातले त्याचाच तो पाक करतो.

चौसष्ट प्रहरी पिंपळीचे उदाहरण घ्या. चौसष्ट प्रहर म्हणजे आठ अहोरात्र खल चालावयाचा. शेवटच्या प्रहरात कोणी खूप जोर लावला म्हणून आधीचे त्रेसष्ट प्रहर वगळता येतात काय? जे बाजारातील पिंपळीचूर्णास चालत नाही, ते जीवनाच्या बाबतीत चालेल अशी आशा आपण बाळगतो, आणि ती फसली तर 'प्रारब्ध' म्हणून मोकळे होतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप आमच्याच मनात प्रथम उभा राहिला. रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा नव्हे काय? सावता माळी मळा सोडून गेले नाहीत, गोरोबाकाकांनी चिखल तुडविणे सोडले नाही, सेना महाराजांनी व्यवसाय सोडला नाही. मग वैद्याने वेगळे काय करावयाचे? हा आक्षेप बलवान आहे आणि अंशतः सत्यही आहे. परंतु या संतांनी व्यवसाय संपण्याची वाट पाहिली नाही, व्यवसायातच नाम आणले. आपण त्यांचे उदाहरण घेतो तेव्हा व्यवसाय तेवढा ठेवतो आणि नाम पुढे ढकलतो. सेवा ही ईश्वरसेवा आहे की नाही याची कसोटी चरकांनीच दिली आहे : आर्तांविषयी मैत्री आणि कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती, असाध्याविषयी उपेक्षा, म्हणजे अलिप्तता. चिकित्सेचा बाजार मांडणारा सुवर्णराशी टाकून धुळीचा ढीग कवटाळतो, असेही ते रसायनाध्यायात सांगतात. सायंकाळी साठावा रुग्ण तपासताना आमच्या मनात कारुण्य असते की घड्याळ असते, याचे उत्तर आम्ही स्वतःस विचारले. ते येथे लिहिण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप आश्रमव्यवस्थेचा. वानप्रस्थाचा काल शास्त्रानेच उत्तर वयात ठेवला आहे ना? ठेवला आहे. परंतु त्या व्यवस्थेची सुरुवात ब्रह्मचर्याने होते. नित्य स्वाध्याय आणि संध्या हा आयुष्याचा आरंभ होता, अखेर नव्हे, आणि गृहस्थासही पंचमहायज्ञ नित्य सांगितले होते. आपण पहिल्या आश्रमात परीक्षा दिल्या, दुसऱ्यात हप्ते भरले, आणि चारही आश्रमांचा परमार्थ शेवटच्या खोलीत रचून ठेवला. शिवाय ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी निघावे, असेही जाबालोपनिषद सांगते. नचिकेता बालक होता. भागवतात प्रल्हाद आपल्या सवंगड्यांना जो हिशेब देतो तो आम्हास फार मोलाचा वाटतो. शंभर वर्षांतील अर्धी निद्रेत, वीस बालपण आणि खेळात, वीस जराजर्जर अवस्थेत. उरली किती? आणि ती गृहासक्तीत जातात. हा हिशेब एका बालकाने बालकांना सांगितला आहे. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांची विशीही उलटली नव्हती, आणि १२९६ मध्ये त्यांनी आळंदीस समाधी घेतली. निवृत्ती हे त्यांच्या गुरूंचे नाव होते, सेवाकालाची मर्यादा नव्हती.

तिसरा आक्षेप अजामिळाचा. अंतकाळी एक नाम पुरे झाले की! पण ती कथा पुरती वाचावी. अजामिळ मुळात शीलवान, अध्ययन केलेला होता, पुढे भ्रष्ट झाला. मुलाच्या निमित्ताने का होईना, नाम त्याच्या जिभेवर रोज होते. आणि यमदूतांपासून सुटल्यावर तोही गंगाद्वारी जाऊन साधनेस बसला. म्हणजे साधना त्यालाही चुकली नाही, त्याला केवळ मुदत वाढवून मिळाली. परीक्षितीस सात दिवस मिळाले, तेही पूर्वसूचनेसह आणि शुद्धीवर. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळीच्या स्मरणाचे माहात्म्य आहे, पण तेथेच कारणही दिले आहे : ज्या भावात मनुष्य सदैव राहिला तोच त्या वेळी आठवतो, म्हणून सर्व काळी स्मरण ठेव आणि आपले कर्मही कर. अतिदक्षता विभागात, नळ्या लावलेल्या अवस्थेत, ग्लानीत असलेल्या किती रुग्णांना आपण पाहिले आहे? अंतकाळ हा निवांत काळ असतो, ही कल्पना निदान वैद्याने तरी करू नये.

आणि अंतकाळ साठीनंतरच येतो असे कोणी सांगितले? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीने आपल्यातील कित्येक व्यवसायबंधू नेले. त्यांतील काही आमच्या वर्गातले होते. त्यांपैकी एकाशी फोनवर झालेले शेवटचे बोलणे आम्हास आठवते. "हे सगळे संपले की एकदा पायी वारी करू," असे ते म्हणाले होते. आम्ही 'हो' म्हणालो होतो. वारी २०२२ मध्ये पुन्हा निघाली. ते नव्हते, आणि आम्ही होतो तरी गेलो नाही.

निदान आणि चिकित्सा

या टाळाटाळीचे निदान आपल्याच परिभाषेत करता येईल. धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध. हित काय हे कळते पण वळत नाही, तेव्हा धृतिभ्रंश असतो. मृत्यू रोज पाहूनही स्वतःचा मृत्यू आठवत नाही, तेव्हा स्मृतिभ्रंश असतो. नाशिवंताला नित्य समजून त्यावर बेत बांधले जातात, तेव्हा धीभ्रंश असतो. 'पुढच्या वर्षी पाहू' या साध्या वाक्यात हे तिन्ही आहेत. षट्क्रियाकालांचे ज्ञान असलेल्या वैद्याने हा दोष संचयावस्थेतच ओळखावयास हवा. भेदावस्थेची वाट पाहून मग कोणता वैद्य औषध शोधतो?

चिकित्साही ग्रंथातच आहे, आणि ती घर-दवाखाना सोडावयास सांगत नाही. चिकित्सास्थानातील आचाररसायन पाहा : सत्य, अक्रोध, प्रियवचन, जप, दान, कारुण्य, अनहंकार, आणि इंद्रिये अध्यात्माकडे कललेली असणे. यांतील प्रत्येक गोष्ट दवाखान्याच्या खुर्चीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून करता येते. ज्यांना परलोक संशयास्पद वाटतो त्यांनीही लोभ, क्रोध, मत्सर या धारणीय वेगांपासून आरंभ करावा. तेवढ्यासाठी कोणत्याच पंथाचे सदस्यत्व लागत नाही. हेही सांगितले पाहिजे की हा विषय रुग्णास उपदेश करण्याचा नाही, आणि औषधाच्या वेष्टनावर छापण्याचा तर मुळीच नाही. ही चिकित्सा प्रथम वैद्याची आहे.

प्रमाण किती असावे? अहोरात्रात साठ घटिका असतात. त्यांतील एक, म्हणजे चोवीस मिनिटे, एवढेच मागणे आहे. 'ब्राह्ममुहूर्तावर उठावे' असे आपण रुग्णांना चिठ्ठीवर लिहून देतो आणि स्वतः आठला उठतो. त्या उपदेशाचे आपणही रुग्ण व्हावे. प्रातःकाळी एक घटिका वाचन, जप किंवा नुसते शांत बसणे. दवाखान्याचे दार अथवा दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी क्षणभर थांबून, आज येणारा पहिला मनुष्य कोण असेल याचा कारुण्याने विचार. आणि रात्री निजण्यापूर्वी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटांनी सुचविलेला प्रश्न : माझे दिवस आणि रात्री कशा अवस्थेत चालल्या आहेत? हा प्रश्न नित्य जागा ठेवणाऱ्यास दुःख भोगावे लागत नाही, असे ते म्हणतात. या प्रश्नास भांडवल लागत नाही आणि परवानाही लागत नाही.

संघटनेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. आपल्या त्रैमासिक सभेत जमाखर्च आणि ठराव यांच्या आधी अर्धा तास शारीरस्थानाच्या कतिधापुरुषीय अध्यायाचे क्रमशः सामूहिक वाचन व्हावे. व्याख्यान नको, सत्कार नको, केवळ वाचन आणि चर्चा. मोक्षाचा विचार आपल्या संहितेत आहे हे आपणच विसरलो, तर इतरांनी त्याची आठवण का ठेवावी?

आम्ही स्वतः काय केले, हे न सांगता लेख संपविणे अप्रामाणिक ठरेल. फार काही केले नाही. श्रावणापासून आजवर आमची ज्ञानेश्वरी दुसऱ्या अध्यायात पोहोचली आहे. मध्ये पुष्कळ दिवस बुडाले. दर रविवारी गुरुजींकडे जाऊन त्यांच्या प्रतीतून थोडे वाचून दाखवितो. ती जुनी दिनदर्शिका आम्ही फेकली नाही, तीच खूण पुढे सरकवितो. ती पुढे सरकते तेव्हा गुरुजी डाव्या हाताने पानावर बोट ठेवतात. त्यांना किती उमगते हे आम्हास आजही ठाऊक नाही, पण उशिरा का होईना, ती खूण पहिल्या अध्यायातून बाहेर पडली आहे.

आपल्या कपाटातील खूण कोठे आहे, ते आज रात्री एकदा पाहावे, इतकीच विनंती.

इत्यलम्.